जिप्सी ४१३डब्ल्यू, पुणे ते स्पिती: गाडी तयार करण्याच्या नोंदी

गाडी: मारुती जिप्सी किंग, २००७, सॉफ्ट टॉप, १,२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन. ओडोमीटर १,१८,४००. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर आरसीचं नूतनीकरण झालंय, ते २०२७ पर्यंत चालेल.
प्रवास: जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुण्याहून किन्नौरमार्गे काझा (स्पितीतलं मुख्य गाव), तिथून कुंझुम खिंड ओलांडून मनाली. तीन आठवडे, दोन माणसं, बहुतेक मुक्काम तंबूत.
धोरण: गाडी आधी कंपनीतून निघाली होती तशी करायची. तोवर विंच, कॅरिअर, लाइटबार यातलं काही विकत घ्यायचं नाही.

१४ जानेवारी २०२४

तपासणीचा दिवस. पुढचा अॅक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. दोन्ही बाजूंना खेळ आहे. मग एकाला ब्रेक दाबून बसवलं आणि पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) नकलला (स्टीअरिंगबरोबर वळणारा सांधा) जखडला जातो, त्यामुळे खेळ नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा आणि तसाच राहिला तर किंग पिनचा, म्हणजे नकल जिच्यावर वळतो त्या खिळीचा. उजवीकडचा गेला, डावीकडचा राहिला. डावीकडची किंग पिन खराब निघाल्यावर उजवीकडच्या पिनवरही विश्वास ठेवता येत नाही. एक बाजू उघडायचीच असेल तर दोन्ही उघडायच्या.

दोन्ही नकलच्या गोळ्यांवर (अॅक्सलच्या टोकाच्या गोल भागांवर) काळं, पातळ, ओघळणारं तेलमिश्रित ग्रीस. नुसतं ग्रीस बाहेर आलं असतं तर बाहेरचं सील गेलं म्हणता आलं असतं. पातळ झालंय याचा अर्थ हाउसिंगच्या नळीतलं आतलं ऑइल सील गेलंय आणि डिफरन्शियलचं (अॅक्सलच्या मधल्या गिअरांच्या पेटीचं) तेल नकलमध्ये उतरतंय. बाहेरचं सील बदलून पुसून दिलं की महिन्याभरात पुन्हा तेच. जुन्या जिप्सीत हे अर्धवट काम फार वेळा केलेलं दिसतं.

मागचा उजवा ड्रम आतून ओला. ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या अॅक्सलना वाटणाऱ्या पेटीच्या) तीन रबर माउंटिंगपैकी एक फाटलेलं. रेडिएटरच्या खालच्या चार बोटं भागातल्या जाळ्या नखानं चुरा होतायत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये १७५ ते १८५ पीएसआय, म्हणजे इंजिन उघडायचं कारण नाही.

२१ जानेवारी

पुढचा अॅक्सल उघडला. कॅलिपर तारेनं पाट्याला (लीफ स्प्रिंगला) टांगला. ब्रेक होजवर लोंबकळू दिला तर होज आतून तुटतो आणि बाहेरून कळत नाही. हब, स्पिंडल, मग अॅक्सल शाफ्ट सरळ बाहेर. टाय रॉड एंड सोडवला, किंग पिन वरची आणि खालची काढली. प्रत्येक पिनखालच्या शिम (पातळ चकत्या) दोऱ्यात ओवून चिठ्ठी लावली: डावी वर, डावी खाली, उजवी वर, उजवी खाली. त्यांची सरमिसळ झाली तर अॅक्सलचा मध्य सरकतो.

डाव्या खालच्या बेअरिंगच्या कपात रोलरचे ठसे उमटलेत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज नेमकी सरळ स्थितीतच होते. शिम काढून पिन घट्ट केली तर वळवताना स्टीअरिंग जड होतं आणि सरळ रस्त्यावर मात्र सैलच राहतं. ताशी ५०-६० ला एखादा खड्डा लागल्यावर पुढची चाकं वळवळायला लागतात, तेव्हा स्टीअरिंग डॅम्पर बदलून दोष दबतो, जात नाही.

नाना पेठेतून आणलेला माल: किंग पिन बेअरिंग ४, नकल सील संच २, आतली अॅक्सल ऑइल सील २, व्हील बेअरिंग संच दोन्ही बाजूंचे, हब सील २, टाय रॉड एंड ४. आतलं सील दोन मेकचं घेऊन बघितलं. एकाच्या ओठामागची स्प्रिंग बोटानं निसटत होती, ते परत केलं.

२८ जानेवारी

जोडणी. गोळ्याचा पृष्ठभाग ८०० च्या पॉलिश पेपरनं साफ केला. गंजाचा एकच खड्डा सीलच्या वाटेत येत होता, तो मेटल पुटीनं भरून घासला. मॉली ग्रीस जॉइंटच्या गोळ्यांत हातानं दाबून भरलं, नकलची पोकळी मात्र पूर्ण ठासली नाही. ठासली की गरम झाल्यावर ग्रीस सीलमधूनच वाट काढतं.

शिमचं मोजमाप बाहेरचं सील बसवण्याआधी. टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग बॅलन्स अडकवून नकल ओढला. जुन्या बेअरिंगवर डावा नकल ३०० ग्रॅमला हलत होता. आता दोन्ही बाजू दीड किलोच्या आसपास. डावीकडे एक शिम कमी करावी लागली.

पूर्वीच्या मालकानं बसवलेले हातानं फिरवायचे लॉकिंग हब दोन्ही उघडून धुतले आणि पातळ ग्रीस लावून बसवले. एक हब लॉक आणि दुसरा फ्री राहिला तर पुढचं डिफरन्शियल सगळी ताकद फ्री बाजूच्या शाफ्टला देऊन टाकतं आणि पुढची चाकं ओढत नाहीत. म्हणून उतरून दोन्ही बाजू डोळ्यांनी बघायच्या. आणि या गाडीला मधलं डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून वळणं घेतली की शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि लिव्हर अडकून बसतो.

४ फेब्रुवारी

मागचा अॅक्सल. उजवं सील बदललं, पण सील फुटायचं कारण वर होतं: हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची वाट) चिखलानं बुजला होता. तेल तापलं की आतली हवा फुगते, वाट मिळाली नाही की सीलमधून तेल ढकलते. उलटंही होतं. तापलेलं हाउसिंग वितळलेल्या बर्फाच्या नाल्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. स्पितीत हे रोज होणार. दोन्ही अॅक्सलच्या ब्रीदरना आठ मिमीचा तेलाला टिकणारा पाइप लावून तोंडं इंजिन खोलीत फायरवॉलच्या वरच्या कडेला नेली. टोकाला लहान पेट्रोल फिल्टर. एकूण खर्च सहाशे रुपयांच्या आत. या सगळ्या यादीत पैशाला सर्वांत जास्त मोल देणारं काम हेच.

तेल प्यायलेले ब्रेक लायनर फेकले. पेट्रोलनं धुऊन वाळवलेला लायनर गॅरेजमध्ये चांगला दिसतो, पण घाटात तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं.

११ फेब्रुवारी

सगळी तेलं. पुढचं डिफरन्शियल २ लिटर, मागचं १.५, गिअरबॉक्स १.३, ट्रान्स्फर केस ०.८. डिफरन्शियलना ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल. गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळी सिंक्रो रिंगला (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) मानवत नाहीत.

भरायचा बोल्ट आधी सोडवायचा, मग खालचा. उलटं केलं आणि भरायचा बोल्ट गोल झालेला निघाला, तर रिकामी गाडी जागेवर उभी. ट्रान्स्फर केसचा बोल्ट खरंच अडकला होता. दहा मिनिटं ब्लो लँपनं कडेचं हाउसिंग तापवल्यावर निघाला.

मागच्या डिफरन्शियलच्या तेलात दुधाळ झाक होती, म्हणजे पाणी गेलेलं. एक लिटर नवं तेल घालून पाच किमी चालवून पुन्हा काढलं, मग कायमचं भरलं.

ट्रान्स्फर केसची तिन्ही रबरं बदलली. ती वेगळी टांगलेली असल्यामुळे एक रबर गेलं की गिअरबॉक्सकडून येणारा आखूड शाफ्ट वाकड्या कोनात फिरतो आणि लोकांना गिअरबॉक्स आवाज करतोय असं वाटतं. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर छिन्नीची खूण केली होती, त्याच खुणेवर जोडले.

२५ फेब्रुवारी

रेडिएटरचा कोअर नवा. तो बाहेर असताना टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे होज. बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे, उणे ३५ च्या खालीही गोठत नाही. घाटातल्या ड्रायव्हरांचा नळाचं पाणी ओतण्याचा आग्रह असतो. काझ्याला रात्री उभ्या गाडीत ते गोठलं तर ब्लॉक फुटेल.

रेडिएटर कॅपही नवी. साडेचार हजार मीटरवर उघडं पाणी सुमारे ८५ अंशाला उकळतं. कॅपचा दाब हाच तिथे इंजिनाचा आधार. जुन्या कॅपचं रबर कडक झालं असेल तर सपाटीवर काही कळत नाही, कुंझुमच्या चढावर कळतं.

१० मार्च

पाटे. जमीन सपाट बघून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं: मागची डावी बाजू उजवीपेक्षा २२ मिमी खाली, दुसरा पाटा मध्यावर चिरलेला. पाटेवाल्याचं म्हणणं होतं की जुन्यांनाच कमान चढवतो, वर एक जादा पाटा टाकतो. दोन्हीला नकार दिला. थंड पाट्यावर हातोडा मारून चढवलेली कमान भरल्या गाडीत थोड्याच महिन्यांत उतरते. जादा पाट्यानं रिकामी गाडी दगडासारखी होते, खडकाळ वाटेवर चाक खाली लोंबत नाही, हवेत राहतं. मागचे दोन्ही संच मूळ मापाचे नवे घेतले. पुढचे ठीक आहेत.

बुश रबरचेच. यू-बोल्ट नवे, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही. बुशचे बोल्ट जॅकवर असताना हलकेच लावले आणि गाडी चाकांवर उतरवून, दोनदा दाबून, मग कसले. लोंबत्या स्थितीत कसले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि दोन हजार किमीत फाटतं.

२४ मार्च

टायर. मूळ २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ चा साधारण ७०३, म्हणजे पाच टक्के मोठा. २३५/७५ चा ७३३, जवळजवळ दहा टक्के. मोठा टायर म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब. उंचीवर दर हजार मीटरला इंजिनाची साधारण दहा टक्के ताकद जाते. जिप्सीचे ८० अश्वशक्ती कुंझुमच्या आसपास ४५-४८ वर येतात. त्यावर दहा टक्के लांब गिअर लादणं शहाणपणाचं नाही, शिवाय पूर्ण वळणावर २३५ पाट्याला घासतो. २१५/७५, ऑल टेरेन, पाच नग. स्पीडोमीटर आता ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ला असेल, आणि मायलेजचा हिशोब करताना ओडोमीटरवर पाच टक्के चढवायचे.

७ एप्रिल

ब्रेक. पुढचे पॅड, मागचे लायनर, तिन्ही रबरी होज, डॉट ४ ऑइल. जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ कोरडं असताना २३० अंशापर्यंत टिकतं, पाणी ओढल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत घसरतो. मग लांब उतारावर ते नळीत उकळतं आणि पेडल जमिनीला टेकतं.

बूस्टर (ब्रेक पेडलला जोर देणारा भाग) तपासला: इंजिन बंद, पेडल पाच-सहा वेळा मारलं, दाबून धरलं, इंजिन सुरू केलं, पेडल थोडं खाली गेलं. ठीक आहे. पण बूस्टर बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो आणि तो दाब वर जाऊन जवळजवळ निम्मा होतो. तिथे पेडल कडक लागणं हा बिघाड नव्हे. उतार गिअरवर उतरायचा.

२१ एप्रिल

वायरिंग. हेडलाइटच्या बल्बपाशी १०.९ व्होल्ट, बॅटरीवर १४.१. बाकीचे जुन्या स्विचमध्ये आणि बारीक तारेत खर्च होत होते. दोन रिले आणि अडीच चौ. मिमी तार बसवल्यावर १३.७. ही दुरुस्ती झाल्यावर लाइटबारचा विषय आपोआप मिटला. इंजिन-चासी आणि चासी-बॉडी या दोन्ही अर्थिंगच्या पट्ट्या काढून, पत्रा चकचकीत करून बसवल्या. टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या कनेक्टरची एक पिन काळी पडलेली, बदलली.

टायरमध्ये हवा भरायच्या कंप्रेसरसाठी बॅटरीवरून थेट चार चौ. मिमी तार, बॅटरीपासून वितीवर ३० अँपिअरचा फ्यूज. फ्यूज कंप्रेसरच्या टोकाला लावला तर मधल्या अख्ख्या तारेला फ्यूजचं संरक्षण राहत नाही.

५ मे

सामानाची पेटी. मागच्या दोन आडव्या बाकांमध्ये बसेल अशी, नऊ मिमी मरीन प्लायची, टिंबर मार्केटमधून. बाकं काढली नाहीत. आरसीवरची आसनसंख्या तशीच राहते. बारा मिमीचा विचार होता, पण पूर्ण ताव नऊचाच सोळा किलोच्या आसपास भरतो. तयार पेटी १९ किलो. चार आयबोल्टना रॅचेट पट्टे, कारण उलटल्यास किंवा जोरात ब्रेक लागल्यास ही पेटी डोक्यामागे येणार.

छतावर तंबू नाही, कॅरिअर नाही. गाडी दीड मीटर रुंद, उंच आणि आखूड. तिच्या डोक्यावर पन्नास-साठ किलो ठेवून किन्नौरच्या तिरक्या कडांवर जायचं नाही. जमिनीवरचा तंबू सहा किलोत येतो.

स्वयंपाकाला बुटेनची नळकांडी नाहीत. बुटेन शून्याच्या जरा खालीच उकळायचा थांबतो, पहाटे चहाच्या वेळेला नेमका गॅस येत नाही. पंपाचा स्टोव्ह, दोन लिटर रॉकेलचा कॅन, पिना आणि एक जादा वॉशर. तीन लिटरचा कुकर हवाच. चार हजार मीटरवर उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

१२ मे

वजनकाटा. दोन माणसं, भरलेली टाकी, वीस लिटर पाणी, सगळं सामान: १,३४० किलो. नंतर फक्त मागची चाकं काट्यावर: ७५०. सामान एकूण १८१ किलो, त्यात हत्यारं आणि सुटे भाग ३८. हत्यारांची पेटी मागच्या दारापाशी होती, ती सीटमागे आणली. तीस किलो अॅक्सलच्या मागून पुढे आले की वळणावर शेपूट हलणं लगेच कमी होतं.

१८ व १९ मे

भरल्या गाडीची चाचणी: पसरणी घाट, महाबळेश्वर, आंबेनळी घाटानं पोलादपूरला उतरून त्याच वाटेनं परत वर. पोलादपूरला मेमधली दुपार, ३९ अंश. चढ दुसऱ्या गिअरमध्ये, मुद्दाम रेंगाळत. तापमानाचा काटा मध्याच्या वर एक रेघ, पुढे गेला नाही. एवढ्यावर रेडिएटरचं काम मान्य.

पासष्ट ते सत्तरला फरशीतून थरथर जाणवली होती, पण ती फक्त रिकाम्या गाडीत. नव्या पाट्यांनी मागचा भाग ३० मिमी वर आलाय, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढलाय. भरल्यावर गाडी बसते आणि थरथर जाते. पाचर टाकून कोन बदलायचा नाही. प्रवास भरल्या गाडीचाच आहे.

परत आल्यावर: मागचे यू-बोल्ट पाव फेरा सैल, पुन्हा कसले. डावा पुढचा हब उजव्यापेक्षा हाताला गरम. बेअरिंगचा नट जास्त आवळला होता. सैल करून, चाक फिरवत पुन्हा बसवला.

२६ मे

पुन्हा शंभर किमी. दोन्ही हब सारखे. नकलचे गोळे कोरडे. मागचे ड्रम उघडून पाहिले, कोरडे.

२ जून

मार्ग. दिल्ली आणि एनसीआरमध्ये (राजधानी परिसरात) यंदा, २०२४ मध्ये, पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना बंदी आहे, आणि एनसीआर म्हणजे नुसतं गुरुग्राम-फरिदाबाद नव्हे. अलवर, भरतपूर, महेंद्रगढ, रोहतक, जिंद, पानिपत, कर्नाल हे जिल्हेही त्यात येतात. नकाशावरचा जवळचा रस्ता यातल्या दोन-तीन जिल्ह्यांतून जातो. म्हणून नाशिक, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, सीकर, झुंझुनू, हिसार, टोहाना, पतियाळा, चंदीगढ. थोडं लांब पडतं.

पेट्रोल. टाकी ४० लिटर, वापरायोग्य ३६ धरायची. डोंगरात लिटरला आठ किमीचा हिशोब, म्हणजे २८८ किमी. रेकाँग पिओ ते काझा सुमारे २०० किमी, आरामात. काझ्याहून कुंझुम, चंद्रताल तलाव करून मनाली साधारण २३० किमी. मध्ये पंप नाही, आणि बातल ते छत्रू दगडधोंड्यांतून लो रेंजमध्ये (फोर व्हीलच्या हळू, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) सहाच मिळतील: ३८ लिटर. जादा दहा लिटरचा पत्र्याचा कॅन फक्त याच टप्प्यासाठी, काझ्यालाच भरायचा; तोवर रिकामा. गळ्यापर्यंत भरायचा नाही, एक लिटरची पोकळी ठेवायची.

नाले सकाळी लवकर पार करायचे. दुपारी बर्फ वितळून तोच नाला दुप्पट होतो. हब लॉक, लो रेंज, पहिला गिअर, पाण्यात क्लच दाबायचा नाही. पाणी हबच्या वर असेल तर चालत जाऊन काठीनं तळ पाहायचा. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे, मुक्काम अलीकडच्या तळावर.

९ जून

हवा. इथे थंड टायरमध्ये पुढे २४, मागे २८. वर बाहेरचा दाब पाचेक पीएसआयने कमी, म्हणून गेज तेवढा चढा दाखवेल. थंडीनं त्यातले चारेक उतरतात. काझ्याला पहाटे मोजून मगच बदलायचं. खडकाळ टप्प्यात १८-२०, डांबर लागताच पुन्हा भरायची.

सुटे भाग भरले: पेट्रोल पंप, पेट्रोल फिल्टर २, फॅन बेल्ट, वरचा-खालचा रेडिएटर होज, थर्मोस्टॅट, प्लग ४, क्लच केबल, पुढच्या एका बाजूचं व्हील बेअरिंग आणि हब सील, युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस २, यू-बोल्ट २, मागच्या पाट्याचा मुख्य पाटा १, इंजिन ऑइल २ लिटर, गिअर ऑइल १ लिटर, डॉट ४ अर्धा लिटर, कूलंट १ लिटर. क्लच केबल सीटखाली, बाकीच्यांच्या वर. तुटते ती नेहमी केबलच.

हबच्या नटाचा मोठा पाना नाना पेठेत तीन दुकानं फिरून मिळाला. तो नसेल तर बरोबर नेलेलं बेअरिंग नुसतं ओझं.

१५ जून

चाकांचे नट ८० एनएमवर. यू-बोल्ट तपासले, हलले नाहीत. पाच ग्रीस निपल उरले होते, मारले. ओडोमीटर १,१९,२६०. पीयूसी, विमा, आरसी डॅशबोर्डमध्ये. राहिलेलं एकच: डाव्या वायपरचा आर्म सैल, चंदीगढच्या आधी बघायचा.